मऊ कागदाची ओळ

आमच्या घरात कापड लुळं ठेवत नसत. बाबा आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेला गावच्या शाळेत मराठी माध्यमाचे वर्ग शिकवायचे. त्यांचा पांढरा सदरा दोरीवर वाळला की पाटीसारखा ताठ होऊन हातात यायचा. सकाळी तो अंगात घालण्याआधी बाहीत मूठ घालून चिकटलेलं कापड सुटं करावं लागे, आणि तेव्हा टर्रर असा आवाज व्हायचा. घरातला दिवस त्या आवाजानं सुरू व्हायचा. मग आईच्या भाकरी थापण्याचा आवाज, मग कापसाच्या बैलबंड्या जिनिंगकडे निघाल्याचा. आईच्या लुगड्याला, माझ्या शाळेच्या झग्याला, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या उशीच्या अभ्र्याला, सगळ्याला खळ असायची. आम्ही जेवणात भाकर खाणारे. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, लाल मिरचीचा ठेचा. भात सणासुदीला. त्यामुळे खळीसाठी लागणारी पेज शेजारच्या तेलुगू घरातून यायची. ते लोक तिला गंजी म्हणत, म्हणून आमच्याकडेही गंजीच म्हणत. सकाळी त्यांच्याकडे भात वेळला की शेजारीण भिंतीवरून पातेलं पुढे करायची आणि आमच्याकडून ताकाचा तांब्या तिकडे जायचा. या व्यवहारात दोन्ही बाजूंना एकमेकींची भाषा धड येत नव्हती आणि कुणाचं काही अडलं नाही.

खळीचा आग्रह भागीरथा आत्याचा. ती बाबांची मोठी बहीण. तिच्या नवऱ्यानं दुसरी बायको आणली तेव्हा ती एक पत्र्याची पेटी घेऊन पैनगंगा ओलांडून गेली आणि पलीकडे एका मिशनच्या दवाखान्यात कपडे धुण्याच्या कामाला लागली. खाटांवरच्या चादरी, नर्सबायांच्या टोप्या, डॉक्टरांचे कोट. तिथं अनेक वर्षं काढून ती आमच्याकडे आली, तेही कुणाला न विचारता. बंडीतून उतरली आणि आईला म्हणाली, "मी आली. कापडं कुठं हायत?" त्या दिवसापासून घरातली इस्त्री तिच्या ताब्यात गेली. आईनं सुरुवातीला कुरकुर केली. रोजच्या कापडाला कशाला खळ, असं तिचं म्हणणं. आत्याचं उत्तर ठरलेलं होतं. आमचे आजोबा-आजी दुसऱ्यांच्या शेतावर राबले. घामानं अंगाला चिकटलेलं एकच कापड त्यांच्या वाट्याला आलं. "लुळं कापड घातलं का लोक मानसाले बी लुळंच समजते," ती म्हणायची. रविवारी विहारात जाताना आमच्या घरची पांढरी कापडं लांबून ओळखू येत. चालताना त्यांचा आवाज व्हायचा. काही लोक त्यावरून टोमणे मारत. "मास्तरचं घर आलं, पापड वाजून राह्यले." आत्या मागे वळून पाहत नसे. पुढच्या रविवारी खळ आणखी दाट असायची.

तिच्या पेटीत कोळशाची जड इस्त्री होती, आणि बिस्किटांचा एक चपटा डबा. डब्यात पोस्टाची तिकिटं होती. दवाखान्यातली म्हातारी अमेरिकन नर्स, जिला सगळे मिसबाई म्हणत, मायदेशी परत निघाली तेव्हा तिनं आत्याला विचारलं, तुला काय हवं. आत्यानं इस्त्री मागितली. मिसबाईनं इस्त्री दिली आणि वर हा डबा दिला. तिच्या आजोबांना आलेल्या पत्रांवरची ती तिकिटं होती, पाण्यात भिजवून सोडवलेली, मागचा डिंक गेलेली. आत्याला त्यांचं काय करावं कळलं नव्हतं, पण दिलेली वस्तू टाकायची नाही म्हणून डबा आला. मी त्या वेळी हायस्कुलात होते. तिनं तो माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "घे. मले इस्त्री पायजे होती, ती भेटली. हे तुले."

डब्याच्या तळाशी पुठ्ठे गेलेलं एक इंग्रजी पुस्तक होतं. जुन्या अमेरिकन तिकिटांची ओळख कशी पटवायची हे त्यात होतं. बाबांचा शब्दकोश मांडीवर घेऊन मी ते वाचलं. दुपारी, ओसरीवर, आई वाती वळत असताना. बरीच पानं समजली नाहीत. एक प्रकरण मात्र समजलं, कारण त्याला इंग्रजी कमी आणि कान जास्त लागत होता. प्रकरण कागदाचं होतं. अमेरिकेत एके काळी तीच चित्रं, तेच रंग, त्याच किमतीची तिकिटं तीन कंपन्यांनी एकामागून एक छापली. साचे एकीकडून दुसरीकडे गेले. चित्र पाहून कोणतं कुणाचं हे सांगणं कठीण. पण आधीच्या दोघींचा कागद बहुतेक कडक होता आणि शेवटच्या कंपनीनं मऊ कागद वापरला. कडक कागद पांढरा, गुळगुळीत, घट्ट. मऊ कागद किंचित पिवळसर, फुगीर, आणि उजेडासमोर धरला तर त्यात विरळ कापडासारखी वीण दिसते. शेवटची खूण आवाजाची. तिकीट कानाजवळ धरून नखानं हलकेच टिचकी मारायची. कडक कागद कट् असा वाजतो. मऊ कागद वाजत नाही, दबका फस् होतो. पुस्तकानं मऊ कागदाला वर्तमानपत्राच्या कागदाची उपमा दिली होती. पुढे माझी नोकरी सगळी त्याच कागदात गेली. छापखान्यात आलेल्या नव्या रिळाचा कोपरा नखानं वाजवून पाहण्याची सवय मला होती आणि यंत्रावरची माणसं त्याला हसत. तो कागद कधीही वाजला नाही.

पण सुरुवातीला डब्यातलं एकही तिकीट मऊ निघेना. सगळी कट् वाजत. हिरवी तीन सेंटची पुष्कळ होती, निळी एक सेंटची काही, तपकिरी दोन सेंटची काही, सगळ्यांवर कुणा ना कुणा पुढाऱ्याची मान आणि डोकं. मी प्रत्येक कानाजवळ नेऊन ऐकलं. पुस्तक खोटं की माझा कान खोटा, हे ठरत नव्हतं. त्यात आणखी एक विचित्र गोष्ट. काही तिकिटांची पाठ निळसर होती. पुस्तकात निळसर कागदाचाही उल्लेख होता, पण तो पुष्कळ पुढच्या काळातला. मी बाबांना दाखवलं. बाबांनी तिकीट उलटं केलं, चष्मा वर केला, आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली.

"अक्का, हे काय हाय?"

आत्या हात पुसत बाहेर आली. "काय असंन? नीळ हाय."

"तिकिटाले नीळ?"

"मंग? पिवये पडले होते. मिसबाईच्या टोप्या अशाच पिवया पडत. थोडी नीळ टाकली का पांढऱ्या होत."

"अवं आत्या, ते पिवळेच असतात," मी म्हटलं. "काही पिवळे, काही पांढरे. त्याच्यावरनंच ओळखायचं असतं. नीळ नको टाकू ना."

"बरं बाई, नाई टाकत. मले वाटलं, पोरगी खुश होईन."

त्या संध्याकाळी मी सगळी तिकिटं कोमट पाण्यात सोडली. पाणी निळं झालं, ओतलं, पुन्हा भरलं, स्वच्छ होईतो. मग टिपकागदावर उलटी मांडून वाळवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजवून पाहिली तेव्हा त्यांचे सरळ दोन भाग पडले. काही वाजली, काही वाजली नाहीत. न वाजणारी उजेडात धरली तर वीण दिसली. मला वाटलं, एका रात्रीत माझा कान तयार झाला. नीळ गेली एवढंच माझ्या लक्षात आलं होतं. आत्याच्या हाताखालून गेलेल्या गोष्टीला नुसती नीळ लागत नाही, हे त्या घरात वाढूनही माझ्या लक्षात आलं नाही.

त्या हिवाळ्यात आदिलाबादेत जिल्ह्यातल्या शाळांचं छंदांचं प्रदर्शन भरायचं होतं. विज्ञानाच्या सरांनी माझं नाव घातलं. तिकिटांच्या विभागात निवडलेलं पान हैदराबादला जाणार होतं, आणि पानाबरोबर ते करणारी मुलगी किंवा मुलगा आणि घरचं एक मोठं माणूस. खर्च त्यांचा. हैदराबाद आमची राजधानी होती. आमच्या घरी आदेश तिथून यायचे, पाठ्यपुस्तकं तिथून यायची, बाबांच्या बदल्या तिथून व्हायच्या, आणि आमच्यातलं कुणी तिथं गेलेलं नव्हतं. बाबांना सुट्टी मिळणार नव्हती. आई घर सोडणार नव्हती. आत्या म्हणाली, "मी जाईन संगं. पोरीले एकटीले काऊन धाडता?" तिनं कोणतं पातळ न्यायचं तेही ठरवून टाकलं. माझ्या मनात हैदराबादेचं चित्र नव्हतं, पण तिथल्या भिंतीवर बेल्याचं पान लागणार, त्याखाली माझं नाव असणार, एवढं मला हवं होतं, आणि फार हवं होतं.

पान मी असं केलं. जाड पांढरा कागद घेतला. तिकिटं चिकटवली नाहीत. पात्यानं बारीक चिरा पाडून त्यांत कोपरे अडकवले, म्हणजे पाहणाऱ्याला तिकीट काढून पाठ पाहता यावी. वरच्या ओळी कडक कागदाच्या. सर्वांत खाली एक ओळ, तीच चित्रं, तेच रंग. तिच्याखाली चिठ्ठी: मऊ कागद. माझ्या पानाचा सगळा मुद्दा त्या शेवटच्या ओळीत होता. वरच्याच तिकिटांची जुळी भावंडं, फक्त कागद वेगळा. ती ओळ मऊ नसेल तर पानाला अर्थ नव्हता. नुसती एका मुलीकडची जुनी तिकिटं.

बसनं आम्ही सकाळीच आदिलाबादला पोचलो. एका शाळेचा लांब दालनासारखा हॉल. चौकटीत बसवलेले, मधल्या दांड्यावर फिरणारे काळे फळे रांगेनं उभे केले होते आणि त्यांवर पानं टाचली होती. दारातच मिरचीच्या भज्यांचा वास. आत तेलुगू, हिंदी, उर्दू, मराठी एकात एक. व्यवस्था राजय्या सारांकडे होती. सडपातळ, घाईत असलेले, प्रत्येकाला अम्मा किंवा बाबू म्हणणारे. मुलांनी 'सर' म्हटलं तर ते तेलुगू वळणानं 'सार' असं दुरुस्त करत, अशी त्यांची ख्याती आमच्या शाळेपर्यंत आली होती. परीक्षक वकीलसाहेब. आदिलाबादच्या कचेरीत त्यांची वकिली चांगली चालत होती आणि त्यांच्याकडे परदेशी तिकिटांचे अल्बम आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते आले तेव्हा त्यांच्या खिशात चिमटा आणि भिंग होतं. मला त्यांचा आदर वाटला, कारण या हॉलमध्ये त्या दोन वस्तू आणणारे ते एकटेच होते.

माझ्या फळ्यापुढे ते थांबले. वरच्या ओळी भिंगातून पाहिल्या. मान हलवली. मग खालची ओळ, मग चिठ्ठी.

"मऊ कागद, हे कुणी लिहिलं?"

"मी, साहेब."

"शिकवलं कुणी?"

"पुस्तकानं."

त्यांना ते आवडलं असावं. चिमट्यानं एक हिरवं तिकीट त्यांनी चिरेतून काढलं, कानाजवळ नेलं आणि टिचकी मारली. आवाज मला समोर उभी राहून ऐकू आला. कट्. त्यांनी दुसरं घेतलं. कट्. तिसरं, निळं. कट्. भोवती माणसं जमली होती.

"ऐकलंस? हा कडक कागद आहे. सगळा."

"साहेब, घरी हे वाजत नव्हते."

"घरी नसतील. इथं वाजतात."

"उजेडात धरून पाहा ना. वीण दिसते."

त्यांनी तेही केलं. खिडकीकडे तोंड करून तिकीट भिंगाखाली धरलं. बराच वेळ पाहिलं. "नाही दिसत," ते म्हणाले. मी पाहिलं. खरंच दिसत नव्हती. जिथं विरळ कापड दिसायचं तिथं काहीतरी भरलेलं होतं.

मागून आत्याचा आवाज आला, आणि तो खूश होता. "वाजनच ना! म्या काल सकाळी खळ देली त्याइले."

वकीलसाहेब वळले. "कसली खळ?"

"गंजीची. पातळ केली होती. वरचे कडक होते, त्याइले नाई देली. हे खालचेच लुळे होते. म्हटलं, एवढ्या लोकांत जाऊन राह्यले, लुळे कसे न्यावं?" मग ती माझ्याकडे वळली. "आन् नीळ नाई टाकली हां. तू नाई म्हनली होती."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग हसू फुटलं आणि ते सगळ्या हॉलभर गेलं. तिकिटाला इस्त्री, तिकिटाची लाँड्री, असं कुणी कुणाला तीन भाषांत सांगत होतं. एका मुलाचे वडील पुढे झाले. "इस्त्रीबी केली असंन मंग, बाई?"

"केली त," आत्या म्हणाली. "दोन फडक्यात ठेवून, हलक्या हातानं. तुमच्या सदऱ्याची बी करून देऊ का? लय चुरगळला जी."

हसू त्यांच्याकडे वळलं. ते मागे सरले. वकीलसाहेब हसले नव्हते. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "तिकिटाला कुणी खळ देत नाही," ते म्हणाले. "बाई गमतीनं म्हणताहेत." त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. अशी गोष्ट कुणी करत असेल हे त्यांच्या घरात, त्यांच्या अल्बमांच्या जगात संभवतच नव्हतं. मग ते माझ्याशी हळू आवाजात बोलले, आणि दयाळूपणे बोलले, हे मी इथं नोंदवते. "मुली, तू स्वतःचंच नुकसान करते आहेस. कडक म्हणजे आधीची छपाई. जास्त मानाची. पान छान आहे. ही चिठ्ठी काढ, 'कडक' लिही. एका शब्दाचं काम. हे पान मी हैदराबादला पाठवतो."

"तो मऊ आहे, साहेब."

"माझ्या कानानं ऐकलं ते खोटं?"

"ऐकलं ते खळीचं ऐकलं."

पुन्हा कुणीतरी फिसकन हसलं. आत्यानं माझा दंड धरला. "लिहून टाक ना, सुमे. कडकच त म्हनून राह्यले. चांगलंच म्हनून राह्यले ना ते?" तिच्या हिशोबात ती बरोबर होती. तिच्या आयुष्यात कुणी तिच्या हातच्या गोष्टीला कडक म्हटलं तर ती शाबासकी होती, आणि इथं भिंग घेतलेला माणूस ती शाबासकी सगळ्यांसमोर देत होता, शिवाय हैदराबाद देत होता.

"मऊ आहे तो," मी तिला म्हटलं. "कडक लिहिणार नाही."

"मऊ म्हनजे उतरता ना?"

"वेगळा."

तिनं दंड सोडला. चेहऱ्यावरून ती मला हट्टी म्हणते आहे की तिचं मन मोडलं हे कळत नव्हतं.

मी राजय्या सारांना म्हटलं, मला कोमट पाणी हवं. एक तिकीट भिजवून दाखवते. ते घाबरे झाले. "अम्मा, नियम आहे. परीक्षकांनी पाहिल्यावर फळ्यावरची वस्तू बदलायची नाही. बदलली तर पान बाद."

"मी बदलत नाही. धुते."

"तेच ते, अम्मा."

वकीलसाहेब म्हणाले, "पाण्यात घातलंस तर मी गुण देऊ शकणार नाही. विचार कर." आणि घड्याळ पाहिलं.

विचार करण्यासारखं फारसं काही नव्हतं. एका बाजूला हैदराबाद होतं, आणि त्यासाठी त्या ओळीखाली खोटा आहे हे ठाऊक असलेला शब्द मला लिहायचा होता, आणि आत्यानं गंमत केली असं मान्य करायचं होतं. तिनं गंमत केली नव्हती. तिनं आयुष्यभर केलेलं काम केलं होतं. नंतरच्या नोकरीत, हा एक शब्द बदला म्हणजे बातमी पहिल्या पानावर जाईल, असं मला पुष्कळ सभ्य माणसांनी, पुष्कळ दयाळूपणे सांगितलं. तेव्हा मला नवं काही ठरवावं लागलं नाही.

मी म्हटलं, "तिकीट माझं आहे." चिरेतून हिरवं तिकीट काढलं, दारातल्या चहावाल्याकडे गेले, बशी मागितली, तीत त्याच्या किटलीतलं गरम पाणी आणि माठातलं गार पाणी घातलं आणि तिकीट सोडलं. चहावाला म्हणाला, "इसमें क्या बनता?" मी म्हटलं, बघा. थोड्या वेळानं पाणी गढूळ झालं. भाताच्या पेजेसारखं. बशी घेऊन मी आत आले तेव्हा वकीलसाहेब पलीकडच्या रांगेत काडेपेट्यांचा संग्रह पाहत होते. मी बशी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी पाण्याकडे पाहिलं. "वाळल्यावर पाहू," ते म्हणाले आणि पुढच्या फळ्याकडे गेले. ते बरोबर होतं. ओलं तिकीट कुठलंच वाजत नाही. पण वाळेपर्यंत त्यांची फेरी संपणार होती हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. राजय्या सारांनी बशीत वाकून पाहिलं. "नाकु तेलियदम्मा," ते पुटपुटले. "मला यातलं काही कळत नाही." मग खिशातून लाल पेन्सिल काढून हातातल्या कागदावर त्यांनी माझ्या नावावर रेघ मारली.

दप्तरातला टिपकागद मी खिडकीच्या उन्हात ठेवला आणि त्यावर तिकीट उलटं मांडलं. दुपारच्या जेवणाची वेळ झाली होती. आत्यानं फडकं सोडलं. भाकर, ठेचा, कांदा. अर्धी भाकर झाल्यावर ती म्हणाली, "गंजी जास्त झाली का?"

"गंजी नव्हती पाहिजे, आत्या."

"जराशी बी नाई?"

"जराशी बी नाई."

तिनं घास चावला. "मिसबाई कवा बोलली नाई तसं," ती म्हणाली. बोट चाटून पुन्हा ठेचा घेतला. "तिनं त मले तिकिटाचं काईच नाई सांगतलं. नुसता डबा हातात देला. मले का स्वप्न पडते?"

तेवढ्यात राजय्या सार आले. बक्षीस समारंभ व्हायचा होता, पाहुणे येणार होते, बाद झालेलं पान फळ्यावर दिसायला नको. "अम्मा, ते पान काढून घे."

मी म्हटलं, "तुम्ही काढा."

"तुझं पान आहे, अम्मा."

"बाद तुम्ही केलं. मी काढलं तर मी माघार घेतली असं होईल. मी माघार घेतलेली नाही."

त्यांनी शिपायाला पाठवलं. शिपाई आला तोवर आत्या फळ्यापुढच्या खुर्चीवर जाऊन बसली होती. पांढरं पातळ, खळ दिलेलं, निऱ्या चाकूसारख्या. शिपायानं तिच्याकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं. "कसं काढू, अम्मा?" "मी का धरलं तुले?" आत्या म्हणाली. तो तसाच निघून गेला. ती माझ्या बाजूनं तिथं बसली की नुसती बसली हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पाहुणे आले, भाषणं सुरू झाली. गर्दी मंचाकडे सरकली तशी आत्याही कोण काय बोलतं ते पाहायला उठली, मी तिच्या मागे गेले, आणि परत आलो तर फळा उलटा होता. कुणीतरी तो मधल्या दांड्यावर फिरवला होता. आमच्याकडे काळी पाठ, आणि पान भिंतीकडे तोंड करून. मी खालची कड धरून फळा पुन्हा फिरवला. पान समोर आलं. दूरवरून राजय्या सारांनी मला पाहिलं, कपाळाला हात लावला, पण मंच सोडून येणं त्यांना शक्य नव्हतं.

मंचावर तिकिटांच्या विभागाचं नाव पुकारलं गेलं. एका शहरी मुलाचं, पक्ष्यांची तिकिटं. त्याचं पान नीटनेटकं होतं, मी सकाळी पाहिलं होतं. वकीलसाहेबांनी त्याच्याशी हस्तांदोलन केलं. त्यांचा कान चुकला नव्हता, हे मी पुढे अनेकांना सांगितलं आहे. त्यांनी ऐकलं ते खरंच कडक होतं. ते कडक कसं झालं हे त्यांना सांगितलं गेलं होतं, आणि सांगणाऱ्या बाईवर त्यांनी विश्वास ठेवला नाही, एवढंच. टाळ्या मोठ्या झाल्या. पत्र्याचं छप्पर होतं, त्यामुळे त्या पुष्कळ वेळ वाजल्या.

टाळ्या ओसरल्यावर मी खिडकीतून तिकीट आणलं. पूर्ण वाळलं होतं. उन्हाच्या तिरिपेत धरलं, वीण दिसली. ते आत्याच्या कानाजवळ नेलं आणि नखानं टिचकी मारली.

ती ऐकत राहिली. "परत मार," म्हणाली. मी परत मारली.

"नाई वाजत," ती म्हणाली. मग तिकीट तिनं माझ्या हातातून घेतलं. अंगठा आणि बोटात धरून कापडाचा पोत पाहावा तसं हलकेच चोळलं. मंचावर पुढचं नाव पुकारत होते. राजय्या सार आता पायऱ्या उतरून आमच्याकडे निघाले होते. आत्यानं खाली वाकून खालच्या ओळीतल्या रिकाम्या चिरांत त्याचे कोपरे एकेक करून बसवले, चिठ्ठीच्या बरोबर वर, आणि फळ्याची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"मऊ हाय त मऊ हाय," ती म्हणाली. "येऊ दे त्याले. पानाचं तोंड लोकाकडंच राहीन."